संहिता आणि प्रयोग : वेद व अवेस्ता यांच्या तौलनिक अभ्यासातील एक पद्धतिप्रश्न

१

पुण्याच्या पूना कॉलेजात संस्कृत अध्ययनाचे अधीक्षक म्हणून १८५९ मध्ये आलेले जर्मन पंडित मार्टिन हाउग (१८२७–१८७६) यांचे दोन ग्रंथ लागोपाठच्या दोन वर्षांत मुंबईहून प्रसिद्ध झाले. १८६२ मध्ये पारशांची पवित्र भाषा, धर्मग्रंथ व धर्म यांवरील त्यांचे निबंध निघाले. १८६३ मध्ये ऐतरेय ब्राह्मणाची संपादित संहिता व तिचे इंग्रजी भाषांतर दोन खंडांत निघाले. तौलनिक धर्माभ्यासाच्या इतिहासात या दोन्ही ग्रंथांना मानाचे स्थान आहे. मात्र ते शेजारी ठेवून वाचले, म्हणजे एका विलक्षण गोष्टीकडे लक्ष जाते. एकाच अभ्यासकाने, एकाच शहरात, जवळजवळ एकाच वेळी पवित्र ग्रंथ वाचण्याच्या दोन परस्परविरुद्ध पद्धती अवलंबिल्या आहेत.

ऐतरेय ब्राह्मणासंबंधी हाउग यांचे म्हणणे असे, की यज्ञ प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज हा ग्रंथ समजणार नाही. ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी सांगितले आहे, की सोमयागात ऋत्विज म्हणून काम केलेला एक श्रौती त्यांनी मोठ्या प्रयासाने मिळविला आणि आपल्या निवासाच्या आवारात, एकांत जागी, इष्टी व सोमयाग यांतील मुख्य क्रिया त्याच्याकडून करवून घेऊन त्यांची टिपणे केली. युरोपात बसून केवळ हस्तलिखिते आणि कोश यांच्या साहाय्याने ब्राह्मणग्रंथांचा अर्थ लावणाऱ्यांवर त्यांनी टीकाही केली. अवेस्तासंबंधी मात्र त्यांची मुख्य कामगिरी नेमकी उलट दिशेची आहे. ‘यस्न’ नावाच्या दीर्घ विधिपाठातून त्यांनी गाथांचा भाग वेगळा काढला. हीच झरथुष्ट्राची स्वतःची वाणी होय आणि उरलेला भाग उत्तरकालीन होय, असे त्यांनी प्रतिपादन केले. पहिल्या ठिकाणी त्यांनी ग्रंथ विधीपाशी नेला. दुसऱ्या ठिकाणी तो विधीतून सोडवून घेतला.

या दोन पद्धतींपैकी कोणती बरोबर, असा प्रश्न येथे उपस्थित करावयाचा नाही. त्यांतून पवित्र ग्रंथाविषयीच्या दोन भिन्न कल्पना कशा घडल्या आणि त्यांचा तौलनिक अभ्यासावर काय परिणाम झाला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या विवेचनाला उपयुक्त अशी एक शब्दांची जोडी मराठीत तयारच आहे. नाट्यसमीक्षेत ‘संहिता’ आणि ‘प्रयोग’ असा भेद सर्रास केला जातो. हे दोन्ही शब्द वैदिक परंपरेतही पारिभाषिक आहेत. मंत्रांचा संग्रह ती संहिता. यज्ञकर्माचे क्रमबद्ध अनुष्ठान तो प्रयोग. नाटकाची संहिता वाचणारा वाचक प्रयोगाची कल्पना मनाशी बाळगूनच ती वाचतो. प्राचीन धर्मग्रंथांच्या वाचकाकडून मात्र ही अपेक्षा फार काळ केली गेली नाही.

२

अवेस्ता युरोपात पोहोचला तो सुरतेहून. आंकतील द्युपेराँ हा फ्रेंच तरुण १७५५ मध्ये हिंदुस्थानात आला, सुरतेच्या दस्तूर दाराब यांच्याकडे शिकला आणि १७६२ मध्ये हस्तलिखिते घेऊन परतला. त्याचे भाषांतर १७७१ मध्ये प्रसिद्ध झाले. विल्यम जोन्स यांनी त्याच वर्षी त्याची कठोर थट्टा केली. असा नीरस आणि असंबद्ध मजकूर झरथुष्ट्रासारख्या ऋषीचा असणे शक्य नाही, असा त्यांचा आक्षेप होता. ग्रंथाची प्राचीनता पुढे रास्मुस रास्क यांनी १८२६ मध्ये आणि यूजेन ब्युर्नूफ यांनी १८३३ च्या यस्नावरील भाष्यात भाषाशास्त्राच्या आधारे सिद्ध केली. ब्युर्नूफ यांना या कामी नेर्योसंग धवल याच्या संस्कृत भाषांतराचा मोठा उपयोग झाला. जोन्स यांचा आक्षेप अशा रीतीने निकालात निघाला खरा. परंतु त्यांना जाणवलेला नीरसपणा कशामुळे होता, हा प्रश्न शिल्लक राहिला. आवाहनांच्या लांबच लांब याद्या, त्याच त्या सूत्रांची पुनरावृत्ती, मध्येच बदलणारा विषय यांचे कारण भाषाशास्त्र देऊ शकत नव्हते. वस्तुतः आंकतीलने आपल्या ग्रंथात पारशांच्या विधींचे व आचारांचे स्वतंत्र वर्णन जोडले होते. पुढील भाषाशास्त्रीय वादात त्याकडे दुर्लक्ष झाले.

हाउग यांच्या गाथासंशोधनाने या नीरसपणावर एक उपाय सुचविला. यस्नाच्या ७२ अध्यायांपैकी २८ ते ३४, ४३ ते ५१ आणि ५३ हे अध्याय गाथांचे. त्यांची भाषा इतर भागांहून जुनी, छंद निराळे आणि आशय गंभीर. ही वाणी बाजूला काढली, म्हणजे एका प्रेषिताचे उपदेशपर काव्य हाती येते. मुंबईतील तत्कालीन वातावरणात या सिद्धान्ताचे फार मोठे परिणाम झाले. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८४३ च्या ग्रंथात पारशी धर्मावर कडाडून हल्ला चढविला होता. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या रहनुमाए माझदयस्नान सभेभोवती सुधारकांचा एक गट उभा राहिला होता. मूळ धर्म म्हणजे गाथांतील एकेश्वरी, नीतिप्रधान शिकवण आणि पुढचे कर्मकांड हे तिच्यावर चढलेले पुट, ही मांडणी सुधारकांच्या फार उपयोगी पडली. खुर्शेदजी रुस्तमजी कामा यांनी १८६१ पासून मुंबईत अवेस्ताचे पाश्चात्त्य पद्धतीचे अध्यापन सुरू केले होते, त्यामुळे ही चर्चा समाजातच रुजली. ग्रंथसंपादनातील एका निर्णयाने एका जिवंत धर्मसमाजाला स्वतःकडे पाहण्याची दृष्टी बदलावयास लावली. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने ही घटना विसरता कामा नये. संहितेची सीमा कोठे आखावी, हा प्रश्न केवळ संपादकाच्या टेबलावरचा राहत नाही.

पुढे कार्ल गेल्डनर यांची अवेस्ताची प्रमाणभूत आवृत्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली. यस्न, विस्परद, वेन्दिदाद हे तिच्यात वेगवेगळे ‘ग्रंथ’ म्हणून छापले आहेत. हस्तलिखितांची स्थिती मात्र तशी नाही. अवेस्ताची हस्तलिखिते ठळकपणे दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात मूळ मजकूर पहलवी भाषांतरासह येतो. १३२३ साली खंबायत येथे मिहरबान कैखुस्रो याने लिहिलेल्या यस्नाच्या दोन प्रसिद्ध प्रती या प्रकारच्या आहेत. दुसरा प्रकार ‘सादे’ प्रतींचा. त्यांत भाषांतर नसते. त्याऐवजी कोणते वाक्य किती वेळा म्हणावयाचे, कोणत्या वेळी काय करावयाचे, याच्या सूचना असतात. वेन्दिदाद सादे या प्रतींत यस्न, विस्परद आणि वेन्दिदाद हे तीन निराळे ग्रंथ दिसत नाहीत. रात्रीच्या एका दीर्घ विधीचा पाठ ओळीने दिलेला असतो आणि वेन्दिदादचे अध्याय त्यात ठरावीक जागी गुंफलेले असतात. छापील आवृत्तीत वेन्दिदाद हा शुद्धाशुद्धीच्या नियमांचा कोरडा संग्रह वाटतो. विधीत मात्र त्याचे अध्याय मध्यरात्रीनंतर, गाथांच्या मधूनमधून, अग्नीसमोर म्हटले जातात. विस्परदाचा तर छापील आवृत्तीत केवळ यस्नाहून वेगळा असलेला भाग दिलेला आहे. तेवढाच मजकूर सलग म्हणून कोणताही विधी होऊ शकत नाही. सालामान्का येथून अल्बेर्तो कांतेरा यांनी सुरू केलेल्या हस्तलिखितांच्या संगणकीय संग्रहामुळे एकविसाव्या शतकात हे वास्तव पुन्हा प्रकर्षाने पुढे आले आणि विधिपाठ हाच संपादनाचा घटक मानावा, या मताला बळ मिळाले.

३

यस्नाचा प्रयोग कसा होतो? जीवनजी जमशेदजी मोदी यांच्या १९२२ च्या मुंबईत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आणि दस्तूर फिरोज कोतवाल व जेम्स बॉइड यांच्या १९९१ च्या पुस्तकात त्याचे सविस्तर वर्णन आहे. विधी सकाळच्या ‘हावन’ प्रहरात होतो. प्राचीन काळी आठ ऋत्विज असत, आता ‘झोत’ आणि ‘रास्पी’ हे दोघेच सर्व कामे करतात. समोर अग्नी, दगडी चौरंगावर धातूचा खल म्हणजे हावन, होमाच्या व डाळिंबाच्या काड्या, बकरीचे दूध, पाणी, पूर्वी डहाळ्यांची असणारी पण आता धातूच्या तारांची झालेली ‘बरसम’ जुडी आणि ‘दरून’ नावाची चपटी गोल भाकरी असते. आठव्या अध्यायाच्या वेळी झोत दरूनचा घास घेतो. नऊ ते अकरा हे अध्याय होमाच्या स्तुतीचे आहेत. अकराव्या अध्यायापाशी तो आधी सिद्ध केलेला होमरस पितो. त्यानंतर दुसऱ्या सवनाची तयारी सुरू होते आणि पहिल्या गाथेचे, म्हणजे २८ ते ३४ या अध्यायांचे, पठण होत असताना खलात काड्या कुटल्या जात असतात. विधीच्या शेवटी हा रस विहिरीच्या पाण्यात अर्पण केला जातो.

या क्रमाकडे पाहिले, म्हणजे जोन्स यांना असंबद्ध वाटलेल्या मजकुराची संगती लागू लागते. नवव्या अध्यायाच्या आरंभी होम झरथुष्ट्राकडे येतो तो हावन प्रहरी, झरथुष्ट्र अग्नीची सेवा करीत गाथा म्हणत असताना. ज्या प्रहरी, ज्या अग्नीसमोर हा अध्याय म्हटला जातो, तोच कथेतील काळ व तेच स्थळ आहे. वाचकाला ही एक कथा वाटते; विधीत उभ्या असलेल्या झोताच्या दृष्टीने मात्र आपण करतो आहोत तेच झरथुष्ट्राने केले होते, असे ते विधान आहे. पहिली गाथाही खलाच्या नादाबरोबर ऐकली, तर केवळ उपदेशपर काव्य राहत नाही.

याचा अर्थ हाउग यांचे गाथांविषयीचे निरीक्षण चुकीचे होते, असा नाही. गाथांची भाषा जुनी आहे, हा त्यांचा निष्कर्ष आजही मान्य आहे. प्रश्न आहे तो जुन्या भाषेवरून काढलेल्या दुसऱ्या अनुमानाचा. जे जुने ते मूलतः विधिनिरपेक्ष होते, असे मानण्यास आधार कोणता? गाथांच्या मधोमध, ३५ ते ४१ या अध्यायांत, ‘यस्न हप्तंघाइति’ हा गद्यप्राय स्तवनपाठ आहे. योहाना नार्टेन यांच्या १९८६ च्या अभ्यासाने त्याची भाषा गाथांइतकीच जुनी असल्याचे दाखविले. हा पाठ उघडउघड सामूहिक उपासनेचा आहे. तेव्हा सर्वांत जुन्या थरातही विधी आहेच. जाँ केलेन्स व एरिक पिरार यांनी १९८८ पासूनच्या आपल्या आवृत्तीत गाथाच विधिगीते म्हणून वाचल्या. हे वाचन सर्वांना मान्य झालेले नाही. प्रेषिताचे काव्य आणि ऋत्विजाचे गीत हा वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु हा वाद होऊ शकतो, याचेच कारण गाथा कोठे आणि केव्हा म्हटल्या जातात, हा प्रश्न पुन्हा विचारला गेला, हे आहे.

४

विधीतून ग्रंथ वेगळा काढणे हा केवळ पाश्चात्त्य पंडितांचा दोष होता, असे समजणे मात्र सोपे आणि चुकीचे ठरेल. ऋग्वेदसंहिता हा त्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. दोन ते सात ही कुलमंडले यज्ञक्रमानुसार लावलेली नाहीत. प्रत्येक मंडलात आधी अग्नीची सूक्ते, मग इंद्राची, मग इतर देवतांची; आणि प्रत्येक देवतेच्या गटात सामान्यतः ऋचांच्या उतरत्या संख्येने सूक्ते मांडलेली. हेर्मान ओल्डेनबेर्ग यांनी १८८८ मध्ये या रचनेचे नियम तपशिलाने उलगडले. म्हणजे मंत्र त्यांच्या विनियोगापासून सोडवून, संग्रह म्हणून जतन करण्याचा निर्णय भारतीय परंपरेने फार प्राचीन काळी घेतला होता. यजुर्वेदाची मांडणी मात्र यज्ञकर्माच्या क्रमाने आहे. श्रौतसूत्रे ऋचांचा केवळ आरंभ, म्हणजे प्रतीक, देऊन त्या हव्या तेथे बोलावतात. संहिता आणि प्रयोग यांची फारकत आणि त्यांची पुनर्जुळणी या दोन्ही गोष्टी वैदिक परंपरेत अशा प्रकारे अंगभूत आहेत. अवेस्ताच्या बाबतीत असा स्वतंत्र संग्रह आपल्या हाती आलेला नाही. आज उपलब्ध असलेला अवेस्ता मुख्यतः विधीत वापरात राहिला म्हणून टिकला. हा फरक लक्षात न घेता ‘ऋग्वेद’ आणि ‘यस्न’ हे दोन समान दर्जाचे ग्रंथ म्हणून तुलनेस घेतले, की तुलना पहिल्याच पावली घसरते.

मंत्राला अर्थ आहे की केवळ उच्चार, हा प्रश्नही परंपरेत जुनाच आहे. मंत्र निरर्थक आहेत, हे कौत्साचे मत यास्काने निरुक्तात नोंदविले आणि खोडून काढले. जैमिनीच्या मीमांसासूत्रांतही हा पूर्वपक्ष येतो आणि त्याचे निरसन होते. मीमांसकांचा सिद्धान्त विचार करण्याजोगा आहे. मंत्राला अर्थ असतो, परंतु त्या अर्थाचे काम चालू असलेल्या कर्मातील द्रव्यदेवतादिकांचे स्मरण करून देणे हे असते. अर्थ येथे वाक्यात असूनही प्रयोगाशी बांधलेला आहे.

हाउग यांच्या आधी ब्राह्मणग्रंथांकडे पाहण्याची युरोपीय दृष्टी कशी होती, हे मॅक्स म्युलर यांच्या १८५९ च्या संस्कृत वाङ्मयेतिहासातील अत्यंत अनुदार शब्दांवरून कळते. ऋग्वेदाच्या संपादनाला आयुष्य वाहिलेल्या या विद्वानाला ब्राह्मणांत काव्य सापडत नव्हते. श्रौतीला पाचारण करून हाउग यांनी हा प्रश्न वेगळ्या जागी नेला. त्यांच्या भाषांतरावर आल्ब्रेश्ट वेबर यांनी विस्तृत टीका केली आणि १९२० मध्ये कीथ यांनी ऐतरेयाचे नवे भाषांतर केले. परंतु विधी पाहिला पाहिजे, हा हाउग यांचा आग्रह टिकून राहिला. पुण्यातच त्याचे मोठे फळ दिसते. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या वैदिक संशोधन मंडळाने १९५८ पासून ‘श्रौतकोश’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. चिं. ग. काशीकर आणि रा. ना. दांडेकर ही नावे या कार्याशी जोडलेली आहेत. या कोशाचा घटक ग्रंथ हा नसून याग हा आहे. अग्न्याधान, अग्निहोत्र, दर्शपूर्णमास अशा एकेका कर्माखाली निरनिराळ्या शाखांची ब्राह्मणवचने व सूत्रे एकत्र आणलेली आहेत. गेल्डनर यांच्या अवेस्तात ग्रंथाने प्रयोगाचे तुकडे केले, तर श्रौतकोशात प्रयोगाने ग्रंथांची नव्याने जुळणी केली.

५

आता हाउग यांच्याच एका तुलनेची परीक्षा करता येईल. वैदिक व पारशी विधींचे नाते दाखविताना त्यांनी इजश्ने म्हणजे यस्नविधीची तुलना ज्योतिष्टोमाशी, दरूनची दर्शपूर्णमासाशी, गाहंबारची चातुर्मास्यांशी आणि आफ्रिंगानची आप्रीसूक्तांशी केली. होतृ–झओतर, अथर्वन्–आथ्रवन्, सोम–हओम, यज्ञ–यस्न या शब्दांचे सख्य निर्विवाद आहे. परंतु विधीतील स्थान पाहिले, की चित्र गुंतागुंतीचे होते.

आप्री आणि आफ्रिंगान या शब्दांच्या मुळाशी प्रसन्न करण्याच्या अर्थाचा एकच धातू आहे. तथापि आप्रीऋचा पशुयागातील प्रयाजांत, म्हणजे मुख्य आहुतीच्या आधी, येतात. आफ्रिंगान हा फळे, फुले, दूध इत्यादी पुढे मांडून म्हणावयाचा, आशीर्वादपर असा स्वतंत्र विधी आहे. गाहंबार वर्षातून सहा. चातुर्मास्यांची पर्वे चार-चार महिन्यांच्या अंतराने. दोन्ही ऋतुसंधींशी निगडित एवढेच साम्य निश्चित. दरूनची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. पुरोडाशाचा भाग अग्नीत आहुती म्हणून जातो. दरून अग्नीत जात नाही, तो भक्षण केला जातो. तेव्हा त्याची तुलना पुरोडाशाच्या आहुतीशी करण्याऐवजी, आहुतीनंतर होणाऱ्या इडाभक्षणाशी करणे अधिक युक्त ठरेल.

सर्वांत महत्त्वाचा फरक सोमाचा. सोमयागात सोमाची आहुती अग्नीत पडते आणि शेष ऋत्विज पितात. यस्नविधीत होमरस झोत पितो आणि शेवटी तो पाण्याला अर्पण होतो. अग्नीला चंदन व लोबान मिळते, रस नव्हे. शब्द एक, वनस्पतीविषयीची भावना एक, परंतु अर्पणाचे अंतिम स्थान वेगळे. मात्र येथेही घाईने भेदाची रेषा ओढू नये. सोमयागाच्या अखेरीस अवभृथात पिळून उरलेला सोमाचा चोथा पाण्यात सोडतात. दोन्ही विधींची समाप्ती पाण्यापाशी होते, हे साम्य शब्दांच्या यादीतून कधीच दिसले नसते. ते क्रमातून दिसते. म्हणून तुलनेचा घटक शब्द हा नसावा, सूक्त किंवा अध्यायही नसावा. उच्चार, क्रिया आणि क्रमातील स्थान यांचा संयोग हा असावा.

६

प्रयोग पाहिला, की सर्व प्रश्न सुटतात, असेही नाही. केरळातील पांजाळ या गावी एप्रिल १९७५ मध्ये नंबूदिरी ब्राह्मणांनी अतिरात्र-अग्निचयन केले. फ्रिट्स स्टाल यांच्या पुढाकाराने त्याचे चित्रीकरण व ध्वनिमुद्रण झाले. १९८३ मध्ये ‘अग्नी’ हा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. हजारांवर विटांच्या पाच थरांतून उभी राहणारी पक्ष्याच्या आकाराची वेदी चित्रपटाद्वारे जगभर पोहोचली. परंतु ज्यांनी हे सर्व पाहिले, त्या स्टाल यांचाच निष्कर्ष १९७९ मधील लेखात व १९८९ च्या ग्रंथात असा आला, की विधीला अर्थ नसतो; त्याला केवळ नियम असतात, भाषेच्या वाक्यरचनेसारखे. संहितेतून अर्थ आणि प्रयोगातून नियम अशी वाटणी या भूमिकेत होते. मीमांसकांनी मंत्रार्थ प्रयोगाशी जोडला होता. स्टाल यांनी तो धागा तोडला. कौत्साच्या पूर्वपक्षाचे हे आधुनिक रूप म्हणता येईल.

दुसरा प्रश्न पाहणाऱ्याचा. हाउग यांच्यासमोर श्रौतीने जे केले, ते शास्त्रदृष्ट्या यज्ञ नव्हते; ते क्रियांचे प्रात्यक्षिक होते. पांजाळला यजमान होता, दीक्षा होती, सर्व ऋत्विज होते. तरी पशूंऐवजी केळीच्या पानांत गुंडाळलेली तांदळाच्या पिठाची आहुती दिली गेली, आणि अभ्यासकांचे साहाय्य व कॅमेरा यांमुळे विधीत काय बदलले, यावर पुढे बराच वाद झाला. पारशी विधी तर अन्यधर्मीयांना पाहता येत नाहीत. लंडनच्या सोआस संस्थेत अल्मुट हिंत्से यांच्या नेतृत्वाखाली २०१६ मध्ये सुरू झालेल्या यस्नप्रकल्पासाठी मुंबईच्या दादर अथोर्नान इन्स्टिट्यूटमध्ये २०१७ साली संपूर्ण यस्नाचे चित्रीकरण झाले. ते पारशी पुरोहितांच्या सहकार्याने आणि त्यांच्याच प्रशिक्षणसंस्थेत झाले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. हाउग यांच्या श्रौतीचे नाव अभ्यासाच्या इतिहासात रूढ झाले नाही. ज्ञान देणारा आणि ज्ञान नोंदविणारा यांच्या नात्यात दीड शतकात झालेला हा बदल पद्धतीचाच भाग समजला पाहिजे.

प्रत्येक चित्रीकरण हे एका दिवसाच्या, एका परंपरेच्या प्रयोगाचे असते. पांजाळचा प्रयोग म्हणजे श्रौतसूत्रकालीन यज्ञ नव्हे. दादरचा यस्न म्हणजे सासानी इराणमधला यस्न नव्हे. आठ ऋत्विजांचे दोन झाले, डहाळ्यांच्या तारा झाल्या. आजच्या प्रयोगावरून प्राचीन प्रयोगाचे थेट अनुमान करणे ही चूक, गाथांवरून विधिरहित धर्माचे अनुमान करण्याइतकीच मोठी ठरेल. सूत्रांतील व सादे प्रतींतील सूचना येथे मधला दुवा ठरतात. काय बदलले आणि काय टिकले, हे त्या सांगू शकतात.

७

समारोपादाखल इतके म्हणता येईल, की पवित्र ग्रंथाची संहिता ही तयार वस्तू म्हणून अभ्यासकाच्या हाती येत नाही. तिची सीमा कोणी तरी, कोणत्या तरी हेतूने आखलेली असते. ऋग्वेदाची ती प्राचीन संग्राहकांनी आखली, गाथांची हाउग यांनी, अवेस्ताच्या ‘ग्रंथांची’ गेल्डनर यांनी. तौलनिक साहित्याचा अभ्यासक भाषांतरातून वेद किंवा अवेस्ता वाचतो, तेव्हा तो बहुधा या शेवटच्या सीमेच्या आत वाचत असतो. ती सीमा ओळखणे, हस्तलिखितांतील विधिसूचना मजकुराचा भाग म्हणून वाचणे आणि तुलना करताना क्रमातील स्थान विचारात घेणे, ही किमान पथ्ये होत.

श्रौतयाग करणारी घराणी आज थोडी उरली आहेत, आणि यस्न यथासांग करू शकणारे मोबेदही. त्यांचे ज्ञान पुस्तकात पूर्णपणे उतरत नाही. खलावरील हाताची गती, श्वास कोठे घ्यावयाचा, दोन ऋत्विजांनी एकमेकांची वाट कशी पाहावयाची, हे शिष्याला गुरूजवळ बसूनच कळते. पुण्यात त्या श्रौतीसमोर बसलेल्या हाउग यांना एवढे नक्की उमगले होते. त्यांनी तीच दृष्टी आदल्या वर्षीच्या गाथांना लावली असती, तर अवेस्ताच्या अभ्यासाला वेगळे वळण लागले असते. ते काम त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांकडे आले असून ते अद्याप अपुरे आहे.